आज डिस्चार्ज

ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही, तो सरळ विचारतो, "साहेब, काय म्हणालात?" ज्याला पुरतं येतं, त्याला विचारायची वेळच येत नाही. मरण असतं ते मधल्याचं. त्याला विचारायची लाज वाटते. वर्षाराणी त्या मधल्यातली होती.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत धनगरांची चार-सहा घरं, त्यातलं एक तिचं. भोरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तीन मुलींनी मिळून एक खोली घेतलेली. सरकारी नोकरीच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो आणि त्या पेपरात अवघड शब्दांचे अर्थ विचारतात, म्हणून ती रोज मोबाईलवर कुणा सरांचे व्हिडिओ लावून शब्द घोकायची. शब्द तरी कसले! एकाचा अर्थ लाळघोट्या. एकाचा अर्थ क्षणभंगुर. म्हशींच्या मागं वाढलेल्या पोरीला तालुक्याच्या कचेरीत बसून आवकजावक बघायची, तर तिला लाळघोट्याला इंग्रजीत ऑब्सिक्वियस म्हणतात हे आलंच पाहिजे, असं ज्या कुणी ठरवलं तो माणूस एकदा धनगरवाड्यावर यावा. त्या कचेरीतले निम्मे लोक तो शब्द न येताही ते काम चोख करतात, हे त्याला दाखवता येईल.

पण वर्षाराणी चिकाटीची. सुट्टीला घरी आली की शेण भरताना घोकायची. बाप कोंडिबा ऐकायचा आणि म्हणायचा, "आबा शिकवेस म्हंजी काय गं? आबाला शिकवती व्हय?" मग सगळे हसायचे. न हसणारा एकच, तिचा चुलता सावळा. त्याचं म्हणणं ठरलेलं. पोरगी शिकून हातातनं जाणार, दिवाळी झाली की कॉलेज बंद करा, शेळ्यांना माणूस नाही. कोंडिबा हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही.

असं सगळं लोंबकळत असताना गवत कापायला गेलेल्या सारजाबाईला रानडुकरानं धडक दिली. वर्षाराणीची आई ती. डुकराचा सुळा पोटरीत शिरला आणि मांस उभं फाटलं. सावळाच्या पिकअपमधनं तिला भोरला आणलं, एका खाजगी दवाखान्यात. सरकारी योजनेत बसलं, टाके पडले, खाट मिळाली. आणि त्या दिवसापासून वर्षाराणीचा भाव वाढला. डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, ती आबाला मराठीत सांगायची. "स्टेबल म्हणजे बरी आहे." "अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारायचं औषध." शेजारच्या खाटेवर कंबर धरून पडलेली निगुडघरची फुलाबाई म्हणायची, "सारजे, तुझी लेक म्हंजी बालिष्टर हाय बालिष्टर. आमची पोरं बघ, नुसती मोबाईलात शिनिमे बघत्यात."

सावळासुद्धा एकदा बोलून गेला, "उपेगाला आली म्हनायची."

एवढ्याशा शब्दावर वर्षाराणी दिवसभर तरंगत होती.

त्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या मागं एक सिस्टर आणि एक शिकाऊ डॉक्टर होता. त्यांनी पांघरूण वर केलं, पट्टीची कड उचलून बघितली, नाकाशी हात नेला. सारजाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. ते सारजाबाईच्या तोंडाकडं बघत नव्हते. पाय तिचा, ताप तिचा, आणि बोलणं तिच्या डोक्यावरनं तिसऱ्याशीच. आपल्याकडं याला राउंड म्हणतात.

"प्युर्युलंट डिस्चार्ज टुडे," डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "शी इज फेब्राइल. दुपारी बघू." वर्षाराणीनं सवयीनं मान डोलावली आणि ते पुढच्या खाटेकडं गेले.

कोंडिबानं लेकीकडं बघितलं. सावळा नुकताच डेअरीला दूध घालून आला होता, तोही बघायला लागला. फुलाबाई तर कोपरावर उठून बसली.

"काय म्हनलं गं?"

वर्षाराणीला त्यातले दोन शब्द येत होते. डिस्चार्ज आणि टुडे. डिस्चार्ज कुणाला येत नाही? ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नाही, तिलाही डिस्चार्ज कळतो. डिस्चार्ज म्हणजे पिशवी भरायची, गोधडी गुंडाळायची आणि घरी जायचं. राहिला प्युर्युलंट. तो तिनं कधी ऐकला नव्हता, पण असा नवा शब्द अंदाजानं फोडायचा हे सरांनी शिकवलेलं. प्युअर म्हणजे शुद्ध. एक्सलंट चांगला, बेनेव्हलंट चांगला, ऑप्युलंटही चांगलाच. 'लंट' लागला की चांगलंच असतं. फेब्राइल तिला नीट ऐकूच आला नव्हता.

त्या वेळी ती विचारू शकत होती. डॉक्टर दोन खाटा पलीकडं होते. हाक मारली असती तरी वळले असते. पण सावळा बघत होता.

"जखम एकदम स्वच्छ आहे म्हणाले," ती म्हणाली. "आज डिस्चार्ज."

"आई काळूबाई," कोंडिबानं हात जोडले. सारजाबाईनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. सकाळपासून ती काहीच बोलत नव्हती.

आता एवढ्यावर कुणी दवाखाना सोडत नाही, हे खरं. वर्षाराणीनं तेवढी काळजी घेतली. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन घाईत चालली होती, तिला गाठून विचारलं, "सिस्टर, सारजाबाईंचा डिस्चार्ज आहे ना आज?"

सिस्टर चालता चालताच म्हणाली, "हो, आहे ना, सकाळपासून आहे. सरांना दाखवलाय मी."

"मग आता?"

"सर दुपारी बघतील म्हणालेत. आधी ऑपरेशनं आहेत त्यांची."

दोघी एकाच शब्दावर उभ्या होत्या आणि दोघींच्या मनात दोन गोष्टी होत्या. एकीच्या मनात घर, दुसरीच्या मनात पू. आणि दोघींना वाटलं, आपलं बोलणं झालं.

"दुपारी कागद देतील," वर्षाराणीनं येऊन सांगितलं.

"दुपारपतुर कोन थांबतंय?" सावळा उठलाच. "सांच्याला वाडीचं दूध भराया पायजे मला. पेंडीची पोती भरून गाडी हुबी हाय. आत्ता निगाला तर घेऊन जातो. न्हाईतर ST ची वाट बघत बसा. तिला ह्या पायावर ST त चढवनार हाय का तुमी?"

"कागद?" कोंडिबा म्हणाला.

"कागद राणी आनंल की उंद्या! हितंच तर ऱ्हाती. सोडलंय म्हनल्यावर कागदाला काय चाटायचंय?"

त्या दवाखान्यात दाराशी कुणी विचारणारं नव्हतं. पुढं बाकावर गर्दी, खिडकीतला माणूस फोनवर. कोंडिबानं आणि सावळानं सारजाबाईला हातांच्या पाळण्यात उचललं आणि बाहेर आणलं. फुलाबाईनं मागनं ओरडून सांगितलं, "सारजे, जपून गं बाई! आता डुकराला दिसू नगंस!"

पिकअपच्या हौद्यात पेंडीची पोती रचलेली होती. त्यांच्यावर गोधडी टाकून सारजाबाईला निजवलं. वर्षाराणी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कोंडिबा पुढं सावळाजवळ. गाडी भोर सोडून महाडच्या रस्त्याला लागली.

भात पिवळं पडलं होतं. ऊन चांगलं होतं. तरी सारजाबाई कुडकुडत होती.

"आये, थंडी वाजती का?"

"घाल बाय काईतरी अंगावर."

वर्षाराणीनं ओढणी घातली, मग हौद्यात राहिलेला आबाचा पटका घातला. कपाळाला हात लावला तर हात ओढून घ्यावा इतकं गरम. सकाळी तिला नीट ऐकू न आलेला फेब्राइल तो हाच. गाडी खड्ड्यात आदळली तशी सारजाबाई दात आवळून "आई गं" म्हणाली, आणि वाऱ्याची झुळूक फिरली तसा एक वास आला. पेंडीचा नव्हे. वर्षाराणीनं पांघरूण सारलं. पट्टीवर हिरवट पिवळा ओला डाग होता आणि तो गोधडीत उतरला होता.

स्वच्छ जखमेला असा वास कसा येईल?

तिनं मोबाईल काढला. निगुडघर मागं पडलं की रेंज जाते, हे तिला ठाऊक होतं, आणि निगुडघराची घरं समोर दिसायला लागली होती. तिनं अंदाजानं अक्षरं टाकली. चुकीची पडली. भलतंच आलं. परत टाकली. वरचं चक्र फिरत राहिलं. गाडी गावात शिरली, दुकानं गेली, शाळा गेली. गावाबाहेरच्या वळणावर शब्द उघडला.

प्युर्युलंट. पू असलेला. पुवाळलेला.

खाली उदाहरण होतं आणि त्या उदाहरणात तोच डिस्चार्ज होता. जखमेतून वाहणारा पू. डिस्चार्ज हा शब्द सरांच्या व्हिडिओत येऊन गेला होता. तिनं तो पुढं ढकलला होता. जो येतो तो कशाला घोकायचा?

आणि मग आपोआप बाकीचे 'लंट' आठवायला लागले, जे तिनं सकाळी आठवले नव्हते. व्हायलंट म्हणजे हिंसक. फ्रॉड्युलंट म्हणजे लबाडीचा. व्हिरुलंट म्हणजे जहरी. सगळे तिनंच पाठ केलेले.

तिनं केबिनची मागची काच ठोकली. सावळानं आरशात बघितलं आणि हातानंच 'काय' विचारलं.

"गाडी थांबवा! तात्या, थांबवा!"

वळण संपवून सावळानं गाडी कडेला घेतली. कोंडिबा उतरून मागं आला. "काय झालं? मळमळतंय का तिला?"

माणूस पहिल्यांदा खोटंच बोलून बघतो. वर्षाराणीनंही बघितलं. आई वाचावी आणि आपलंही राहावं, असं काहीतरी सापडतंय का ते तिनं शोधलं.

"आयेला लई थंडी वाजती, आबा. परत नेऊ तिला."

सावळानं खिडकीतनं डोकं काढलं. "हौद्यात वारं लागल्यावर थंडी वाजंलच की! घरी गेल्यावर चुलीपशी निजव."

"ताप आहे."

"आसंल थोडा. डाक्टरनं तपासूनच सोडली न्हवं? त्येला काय ताप कळत न्हाई का? जखम स्वच्छ हाय, तूच सांगितलंस."

तूच सांगितलंस. तिनं सांगितलेलंच आता तिच्या आणि दवाखान्याच्या मध्ये आडवं पडलं होतं. ते काढल्याशिवाय गाडी फिरणार नव्हती, आणि ते काढलं की कॉलेज गेलंच. दिवाळी तोंडावर होती. सावळाला बोलायला जागाच पाहिजे होती. शेळ्यांना माणूस नव्हतंच.

सावळानं गाडी सुरू केली. "बसा आबा, उशीर व्हतोय."

"डॉक्टरनं सोडलेलं न्हाई!" वर्षाराणी ओरडली.

"काय?"

"सोडलेलं न्हाई. पू झालाय म्हणाले ते. पू वाहतोय म्हणाले. मला शब्द कळला न्हाई. मी अंदाजानं सांगितलं."

सावळानं गाडी बंद केली. उतरला. "आगं, डिस्चार्ज म्हनले ना? म्या सोता ऐकला की. आमाला बी कळतोय तेवढा."

"तो डिस्चार्ज वेगळा."

"डिस्चार्ज वेगळा? डिस्चार्ज दोन आसत्यात व्हय?"

"आसतात. मला माहीत नव्हतं."

"मग नर्स व्हय म्हनली त्ये?"

"ती पुवाचं बोलत होती, मी घरी जायचं बोलत होते."

सावळा हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "बघा आबा. बघा तुमची बालिष्टर! दोन सालं भोरात ऱ्हाऊन हे दिवं लावलं. आवो, आडानी आसती तर इचारून तरी आली आसती!"

हे खरं होतं. त्यामुळंच ते जास्त झोंबलं.

"मला काय म्हणायचं ते मागनं म्हणा तात्या," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "कॉलेज सोडते, शेळ्या राखते, तुमी म्हणाल ते करते. पन गाडी फिरवा."

"आन वाडीचं दूध? समद्यांचं दूध हाय त्ये. नासलं तर तुझ्या डिक्शनरीत घालू का?"

कोंडिबा हौद्यात चढला. बायकोच्या पायाशी बसला, पट्टीवर वाकला आणि वास घेतला. जन्मभर जनावरं सांभाळलेला माणूस. म्हशीच्या खुरात पू झाला तर त्याला लांबनं कळायचं. दवाखान्यात मात्र तो इतके दिवस खाटेपासनं हातभर लांब उभा राहिला होता. मोठ्या माणसांच्या कामात आपण नाक कसं घालायचं?

त्यानं मान वर केली. तोंड राखेसारखं झालं होतं.

"फिरव," तो सावळाला म्हणाला.

"आबा, दूध..."

"फिरव म्हनतो ना! दूध ओत वढ्यात. माझ्या नावावर ओत."

गाडी फिरली. कोंडिबा पुढं बसायला गेला नाही. बायकोचा पाय दोन्ही हातांनी उचलून धरून तो हौद्यातच बसला, धक्का बसू नये म्हणून. लेकीकडं त्यानं बघितलं नाही. वर्षाराणीला वाटत होतं, निदान एक शिवी द्यावी. सारजाबाई तापात काहीबाही बोलत होती, कुठल्याशा रेडकाला हाका मारत होती. निगुडघर परत आलं. समोर एक ट्रॅक्टर आडवा, त्यात उसाचं वाढं भरलेलं. सावळानं हॉर्नवर तळवा दाबून ठेवला तो सोडलाच नाही. दूध गेल्याचा राग होता की भावजयीची भीती, त्याचं त्यालाच ठाऊक.

दवाखान्याच्या दारात गोंधळ चाललाच होता. खाट रिकामी दिसली तशी सिस्टर रडकुंडीला आलेली, डॉक्टर ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच बाहेर आलेले.

"कुणी सांगितलं न्यायला?" ते सगळ्यांसमोर ओरडले. "अक्कल आहे का? पेशंट आहे की पोतं?"

स्ट्रेचर आलं. पट्टी कापली. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. शिकाऊ डॉक्टरला भराभर सांगायला लागले, "इमिजिएट डिब्राइडमेंट. फॅशिया इन्व्हॉल्व असेल तर प्रॉग्नोसिस..." मग कोंडिबाकडं वळून, "कळलं ना? सही करा."

कोंडिबानं सवयीनं लेकीकडं बघितलं. सिस्टर पेन घेऊन उभी. सावळा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. बाकावरचे लोक माना लांब करून.

"मला कळलं न्हाई," वर्षाराणी म्हणाली.

"डिब्राइडमेंट करायचंय. टिश्यू नेक्रोटिक आहे."

"न्हाई कळलं."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "तू तीच ना, कॉलेजमधली? सकाळी मान डोलावत होतीस. तेव्हा का नाही विचारलं?"

"लाज वाटली." तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं, ते तिनं पुसलंही नाही. "माझं चुकलं. आई मेली तर ते माझ्यावरच आहे. पन तुमी तरी कुनाशी बोलत होता सकाळी? पाय आईचा, आन बोलणं सिस्टरशी. मराठी येतं की तुमाला. आत्ता शिव्या कशा मराठीत दिल्या? तसंच सांगा. मला नको, तिला सांगा. पाय तिचा हाय."

सिस्टरनं खाली बघितलं. डॉक्टरांचा जबडा हलला. वाटलं, आता हाकलून देणार. पण वेळ नव्हता, आणि तेवढं त्यांनाही कळत होतं. ते स्ट्रेचरवर वाकले.

"मावशी, ऐकू येतंय?"

सारजाबाईनं डोळे किलकिले केले.

"पायात पू झालाय. टाके उसवायचे, सडलेलं मांस कापून काढायचं, धुवायचं. सड किती आत गेली ते उघडल्यावर दिसेल. जास्त असली तर..." ते थांबले. मराठी येत होतं, पण हे मराठीत म्हणायला जड जात होतं. "तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. नाही काढला तर जीव जाईल."

बाकावर हसणाऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. इंग्रजीत हेच मघाशी अर्धंमुर्धं बोलून झालं होतं आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

सारजाबाईनं ओठ ओले केले. "न्हाई काढावा लागला, तर डोंगर चढाया यील?"

"लगेच नाही येणार. उशिरानं येईल."

"मग बोलत काय बसलायस, लेकरा," ती म्हणाली. "कर जा लवकर."

कोंडिबानं अंगठा टेकवला. दार लागलं.

मग सावळा घसा खाकरून म्हणाला, "आबा, आता तरी ऐका. दिवाळीपसनं हिला घरी आना. पोरीच्या शानपनापायी..."

"सावळ्या," कोंडिबा म्हणाला, "तू दूध बघाया जा."

"आवो पन..."

"जा."

सावळा गेला. कोंडिबा बाकावर बसला. त्यानं अजूनही लेकीकडं बघितलं नव्हतं. समोरच्या दाराकडं बघतच तो बोलला.

"राग हाय माझा तुझ्यावर. लई दीस ऱ्हाईल."

"व्हय आबा."

"त्या दारात हुबी ऱ्हा. आतनं येईल त्येला इचार. समजंस्तवर इचार. म्या आडानी म्हनून गप ऱ्हायलो, तू शिकलेली म्हनून गप ऱ्हायलीस. दोघांनी मिळून तिला पेंडीवर घातली."

ती दारात जाऊन उभी राहिली. आत भांड्यांचे आवाज येत होते आणि मध्येच काहीच येत नव्हतं. ऊन समोरच्या इमारतीवरनं सरकून गेलं. शेवटी दार उघडलं आणि शिकाऊ डॉक्टर तोंडावरचा मास्क ओढत बाहेर आला, घामानं निथळलेला. तिच्या बाजूनं निघून जायला लागला.

ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"प्रोसिजर ओके," तो म्हणाला. "लिंब इज..." आणि तिचं तोंड बघून थांबला. "पाय राहिला. काढावा नाही लागला. पण दोन-तीन दिवस धोका आहे."

मागं कोंडिबा बाकावरनं उठून उभा राहिलेला तिला कळलं. धोका हा शब्द तिला लहानपणापासनं येत होता. त्याला ना व्हिडिओ लागत होता, ना मोबाईल.

"धोका म्हणजे कसला?" तिनं विचारलं.